टँकरची रेघ

कालिन्यात, तळघरात, पिवळ्या दिव्याखाली
मी काचपट्टीवर एक थेंब ठेवते.
पांढरा दिवा इथे चालत नाही,
त्यातला जांभळा अंशसुद्धा राळेला पुरतो घट्ट व्हायला.
थेंब मधासारखा. चाखू नये, असं बाटलीवर लिहिलंय,
तरी दर वेळी जिभेला वाटतंच.

लेझर तांबडा, डोळ्याला जेमतेम दिसेल इतका.
राळ त्याला काही मनावर घेत नाही.
तो आरपार निघून जातो,
ओळख नसलेल्या गल्लीतून माणूस जातो तसा.
फक्त जिथे त्याचं टोक होतं
तिथे प्रकाशाचे दोन कण
एकाच रेणूवर, एकाच क्षणी येऊन पडतात.
एकट्याने भागत नाही. मागून येऊन चालत नाही.
तेवढा ठिपका गोठतो.
ठिपक्याला ठिपका, ओळीला ओळ, थरावर थर,
उजाडेपर्यंत भिंग.
केसाच्या जाडीचं.

तारेच्या टोकाला ते बसवून
कानाच्या आत, शंख सुरू होतो तिथवर
डोकवायचंय डॉक्टर पस्ताकियांना.
त्यांना घाई आहे.
मला टेबल स्थिर हवंय.

टेबल म्हणजे अर्ध्या टनाची पोलादी लादी,
हवेच्या चार पायांवर तरंगणारी.
हवा भरणारा कॉम्प्रेसर बाहेर पॅसेजमध्ये,
तो गवाणकरांच्या ताब्यात.
रात्री अकराला ते त्याचं तेल बघतात
आणि पाठीवर थाप मारून सांगतात,
"गप रव हां आज, बाय काम करता."

माझे बाबा भुलेश्वरला, चष्म्याच्या दुकानामागे
भिंगं घासायचे.
फिरती वाटी, पाण्याची धार, लाल पावडर.
नखांतला तांबडा रंग रविवारीही जायचा नाही,
भाकरीवर उमटायचा.
हाताला आधी कळतं, म्हणायचे, डोळ्याला मागाहून.
एकदा त्यांना इथे आणलं.
काचपट्टी उजेडाकडे धरून म्हणाले, "कुठंय?"
मग सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून
बराच वेळ उभे राहिले, चष्मा कपाळावर.
"पुसायचं कसं हे?"
याचं उत्तर अजून आमच्यात कोणाकडे नाही.

गेल्या मंगळवारी गवाणकर रजेवर,
पुतण्याचं लग्न, कणकवलीला.
तीनच्या पुढे कधीतरी कॉम्प्रेसर गप झाला, खरोखरचा गप.
पायांतली हवा मुंगीच्या पावलांनी निघून गेली,
टेबल जमिनीला टेकलं,
आणि मागच्या सोसायटीत
पाण्याचा टँकर रिव्हर्समध्ये आत शिरला.
मला काही जाणवलं नाही.
मी पडद्यावर थर मोजत होते. त्र्याण्णव.

सकाळी धुतलं.
वीस मिनिटं द्रावणात,
न गोठलेलं सगळं विरघळून जातं,
म्हणजे जवळजवळ सगळंच जातं.
उरलं ते भिंग,
आणि भिंगाच्या कमरेला एक पायरी,
करगोट्यासारखी, गोल.

तपासायला आम्ही भिंगासमोर 'ळ' ठेवतो.
तक्त्यात दुसरी अक्षरं आहेत,
पण ळची दोन वेटोळी सुटी दिसली
की भिंग पास, हा माझा नियम.
दोन ळ दिसले.
एक सरळ, आणि त्याच्या खांद्याआडून
दुसरा, पुसट, जरा वर,
रांगेत मागचा माणूस टाचा उंच करतो तसा.

"फेकून दे," सर म्हणाले. बरोबरच होतं.
मी डबीत ठेवलं. चिकटपट्टीवर लिहिलं:
तारीख, थर त्र्याण्णव, टँकर.

सोमवारी गवाणकर लाडू घेऊन आले.
सगळं ऐकून घेतलं, कॉम्प्रेसरची नळी काढली,
गंजलेला वॉशर माझ्या तळहातावर ठेवला.
दारापर्यंत गेले, मग वळले.
"पण पाणी इला मां तेंका?"

हे मी कोणाला विचारलंच नव्हतं.
जेवणाच्या सुट्टीत मागच्या गेटावर गेले.
वॉचमन म्हणाला, आलं होतं.
तिसऱ्या मजल्यापर्यंत.